"काढा" हे कोणी म्हणायचं?

विजापूरवेस
मंगळवार, रात्री ११:४०

बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. दवाखान्याच्या वेटिंग हॉलमध्ये बसून मोबाईलवर टाईप करतेय, चुका पोटात घाला.

माझे धाकटे मामा, वय ६१. एसटीत ड्रायव्हर होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. चोवीस दिवसांपूर्वी पहाटे, पाच दिवसांनी नळाला पाणी आलं म्हणून उठले, मोटार लावली आणि हौदाशेजारीच कोसळले. मामीला वाटलं शॉक लागला. "हात लावू नका, हात लावू नका" म्हणत ती मेन स्विचकडे पळाली. लाईट गेली, अंधारात चपला सापडेनात, शेजारच्यांनी रिक्षा काढली. शॉक नव्हताच, हार्ट अटॅक होता. दवाखान्यात ठोके परत आले, पण तोपर्यंत मेंदूला रक्तच नव्हतं. ती मधली मिनिटं मामी रोज मोजते.

आता गळ्याला भोक पाडून नळी आहे, तिला व्हेंटिलेटर. नाकातून दुसरी नळी, तिच्यातून पातळ आहार. डॉक्टर म्हणतात मेंदूचं नुकसान भरून येणारं नाही. पण मामा डोळे उघडतात. जांभई देतात. त्या जांभईनेच सगळा घोळ केलाय बघा. मामी म्हणते, "त्यांची झोप पुरी झाली नाही, उठतील."

थोरला मामेभाऊ पुण्यात नोकरीला. तो म्हणतो, बास आता, हे बाबांना आवडलं नसतं. धाकटा इथेच असतो, तो म्हणतो घर विकीन पण "काढा" म्हणणार नाही. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, माझ्या मोबाईलवरून निरोप चालतात. काल डॉक्टरांनी सांगितलं, "तुमचं तुम्ही ठरवा. नाहीतर सही करून घरी घेऊन जा."

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. मशीन काढा म्हणणं म्हणजे मारणं का? आणि ते म्हणायचं कोणी?

—

शेंगाचटणी
मंगळवार, रात्री ११:५२

ताई, जेवलात का आधी? उत्तरं देणारे येतील इथे. मी सात रस्त्याजवळच राहतो, डबा, रक्त, गाडी, काय लागलं तर निरोप टाका.

—

जुळे_सोलापूरकर
बुधवार, सकाळी ७:०५

सगळी लूट आहे. मेलेल्या माणसाला आठ-आठ दिवस मशीनवर ठेवून बिल लावतात. पहिले तिथून बाहेर काढा.

—

रात्रपाळी
बुधवार, सकाळी ८:३०

ड्युटी संपवून आत्ताच घरी आले, झोपायच्या आधी लिहिते. चौदा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे.

जुळे सोलापूरकर, बिलाबद्दल तुम्हाला राग असेल तर तो रास्त आहे, पण गेलेल्या माणसाला मशीन जिवंत ठेवत नाही. मशीन फक्त हवा ढकलतं. ठोके थांबले की अंग गार पडतं, ते कुणाला लपवता येत नाही. तुम्ही ऐकलं असेल ते बहुतेक ब्रेनडेड पेशंटचं. ती गोष्ट वेगळी, आणि विजापूरवेस ताईंच्या मामांची वेगळी. गल्लीत दोन्हीला "कोमा" म्हणतात, तिथूनच भांडणं सुरू होतात.

ब्रेनडेड म्हणजे मेंदूचा देठ मेला, ज्याला ब्रेनस्टेम म्हणतात. बुबुळावर टॉर्च मारला तरी हलत नाही, नळीत सक्शन घातलं तरी खोकला नाही, मशीनपासून थोडा वेळ सोडवून बघितलं तर छाती उचलत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात चार डॉक्टरांनी हे दोनदा तपासायचं असतं, मध्ये किमान सहा तास सोडून. दोन्ही वेळेला तेच निघालं की माणूस गेला. ग्रीन कॉरिडॉर करून पुण्याला अवयव जातात ते अशांचे.

तुमच्या मामांचा देठ जिवंत दिसतोय. झोप-जाग, जांभई, खोकला, डोळे उघडणं हे सगळं तिथून चालतं. वरचा मेंदू, ज्यानं आपण मामीला मामी म्हणून ओळखतो, तो गेलाय असं डॉक्टरांचं म्हणणं असावं. म्हणून जांभई खरी आहे, पण ती झोपेची नाही. हे मामींना सांगणं अवघड आहे, मला माहिती आहे. मी स्वतः किती नातेवाइकांना सांगितलंय, आणि सांगून झाल्यावर ते पेशंटकडे बघतात आणि पेशंट नेमका तेव्हाच डोळे उघडतो.

एक विचारते, राग मानू नका. मामींना आत किती वेळ सोडतात? पाच मिनिटं काचेतून बघणाऱ्याला जांभईच दिसते. दर दोन तासांनी कूस बदलताना, नळीतनं कफ ओढताना एकदा जवळ उभं राहू द्या म्हणावं. आमच्याकडे एक आजी रोज सिद्धेश्वराचा अंगारा आणायच्या. कपाळाला लावून द्यायचे मी, फक्त नळीच्या टेपला लागू द्यायचे नाही. आठव्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, "बाई, हे आता माझ्याकडं बघत नाहीत."

—

मोहोळचा_पोरगा
बुधवार, दुपारी १:१५

सही करून घरी नेऊ नका ताई. मी सांगतो काय असतं ते. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही.

माझे वडील, ब्रेन हॅमरेज. मी एकोणीस वर्षांचा. डॉक्टर म्हणाले काही होणार नाही, पण मशीन आम्ही काढू शकत नाही, केस होईल. घरी नेता का? चुलत्यांनी सही केली. कागदावर काय तर "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत". अहो, सल्ला त्यांचाच की!

नळीला रबरी फुगा लावून दिला. ब्रदरनं दोन मिनटात शिकवलं. दाबायचं, सोडायचं, मनात पाच मोजायचं, परत दाबायचं. माझा पंजा मोठा म्हणून माझ्याच हातात दिला. सोलापूर सोडल्यापासून गाव येईपर्यंत मी मोजत होतो. खड्डा आला की आकडा चुकायचा, परत एकपासून. घरी सोप्यात वडलांना ठेवलं. आत्या आली, आजीनं तोंडात पाणी सोडलं, तुळशीचं पान ठेवलं, सगळे पाया पडले. मी दाबायलोच. मग चुलते म्हणाले, "आता बास बाळा."

कुणी फुगा माझ्या हातातनं काढून घेतला नाही. थांबायचं पण मलाच. थांबल्यावर अकरा मिनटं लागली. भिंतीवर घड्याळ होतं म्हणून माहिती.

दवाखान्याच्या कागदावर "घरी नेले". ग्रामपंचायतीच्या कागदावर आजारपण. माझं नाव कशावरच नाही, पण थांबवलं मीच.

डॉक्टरांनी तिथं थांबवलं असतं तर मी पाया पडलो असतो त्यांच्या.

—

शेंगाचटणी
बुधवार, दुपारी १:२२

भावा. नंबर पाठव.

—

कोर्टाची_पायरी
बुधवार, रात्री ९:१०

मोहोळच्या दादांचा प्रतिसाद दुपारपासून तीनदा वाचला. वकिली करतो म्हणून कायद्याचं लिहितो, नाहीतर लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला आपल्या कायद्याचं उत्तर "नाही" असं आहे. इंजेक्शन देऊन जीव घेणं गुन्हाच आहे. पण ज्या उपचारानं काही साधत नाही तो थांबवणं, आणि आजाराला त्याच्या वाटेनं जाऊ देणं, याला परवानगी आहे. ती मिळायला काय काय झालं तेही थोडक्यात सांगतो.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच वॉर्डबॉयनं हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही. पुढची ४१ वर्षं त्या तिथेच होत्या आणि परिचारिकांनी त्यांना असं सांभाळलं की एक बेडसोअर नाही. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी तो फेटाळला. अरुणाबाईंच्या वतीनं बोलायचा हक्क कुणाचा, तर ज्यांनी सांभाळलं त्या केईएमच्या लोकांचा, आणि त्यांना त्या जगायला हव्या होत्या. पण त्याच निकालात इतरांसाठी दार उघडलं: हायकोर्टाची परवानगी घेऊन उपचार थांबवता येतील. म्हणजे जिच्या नावानं दार उघडलं ती आतच राहिली. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं गेल्या.

मग ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कॉमन कॉज या संस्थेच्या खटल्यात सन्मानानं मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. लिव्हिंग विललाही, म्हणजे शुद्धीत असतानाच 'असे उपचार नकोत' असं लिहून ठेवण्यालाही, मान्यता दिली. पण प्रक्रिया इतकी किचकट की कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली.

आता तुमच्यासाठी कामाचं. मामांनी काही लिहून ठेवलेलं नाही असं धरतो. दवाखान्यानं प्राथमिक मंडळ बसवायचं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. घरच्यांची संमती लागते. शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग दुसरं मंडळ, पहिल्यातले कुणी नकोत, आणि त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला. तेही शक्यतो ४८ तासांत. दोघांचं जुळलं की दवाखान्यानं प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं आणि मग थांबवायचं. जुळलं नाही तर हायकोर्ट. तुम्हाला कोर्टात उभं राहायची गरज नाही.

"तुमचं तुम्ही ठरवा" हे डॉक्टरांचं वाक्य कायद्यात कुठेही नाही. त्यांनी ठरवायचं, तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं. आणि मंडळ बसवा असा अर्ज लेखी द्या. तोंडी मागितलं तर "बघू" म्हणतात.

—

जुळे_सोलापूरकर
बुधवार, रात्री ९:४०

हे सगळं सोलापुरात होतं का पण? कागदावर ठीक आहे.

—

कोर्टाची_पायरी
बुधवार, रात्री ९:४४

मागितल्याशिवाय होणार नाही एवढं नक्की.

—

अशोकचौक
गुरुवार, सकाळी १०:२०

वेगळं मत मांडतो. आम्ही पद्मशाली. आमचं दैवत मार्कंडेय. नारळी पौर्णिमेला रथ निघतो तेव्हा अर्धं सोलापूर रस्त्यावर असतं, पण गोष्ट किती जणांना आठवते? यम दारात आला, फास टाकला, आणि पोरानं पिंडीला मिठी मारली. सोडली नाही. शेवटी महादेवाला यावं लागलं. मिठी सोडायची नाही हेच आम्ही लहानपणापासून ऐकलं. तुमचा धाकटा भाऊ तेच करतोय. त्याला वेडा ठरवू नका. आणि गंमत बघा, २०११ च्या निकालातल्या न्यायमूर्तींचं नाव पण मार्कंडेयच.

—

बाळीवेस
गुरुवार, सकाळी ११:०५

गोष्ट सुरुवातीपासून सांगा की, अण्णा. मृकंडू ऋषींना मूल नव्हतं. महादेवानं विचारलं, खूप जगणारा पण मंदबुद्धी मुलगा देऊ की सोळाच वर्षं जगणारा गुणी? मृकंडूंनी सोळा वर्षं घेतली. नुसतं जगणं नको, असं बापानंच म्हटलं होतं. आणि आपल्या सिद्धरामेश्वरांची समाधी तळ्यात काय उगीच आहे? ज्ञानोबांनी आळंदीत घेतली. विनोबांनी १९८२ ला पवनारमध्ये अन्नपाणी सोडलं. वेळ झाली की निघणं आपल्याला नवीन नाही.

—

नेमिनाथ_भक्त
गुरुवार, सकाळी ११:३०

विनोबांचा दाखला इथे लागू नाही. आमच्या जैनांत सल्लेखना असते, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारायचं व्रत. राजस्थान हायकोर्टानं २०१५ मध्ये ती आत्महत्या ठरवली, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. पण सल्लेखना घेणारा शुद्धीवर असतो, गुरूंना विचारतो, सगळ्यांची क्षमा मागतो. ताईंचे मामा क्षमाही मागू शकत नाहीत आणि नकारही देऊ शकत नाहीत. दुसऱ्यानं कुणासाठी सल्लेखना घेता येत नाही.

—

पूर्णवेळ_आई
गुरुवार, दुपारी ३:५०

बाळीवेस, तुमच्या त्या मृकंडूच्या गोष्टीतला "मंदबुद्धी" मुलगा माझ्या घरात आहे. मुलगी. सतरा वर्षांची. सहाव्या वर्षी तापात झटके आले, तेव्हापासून अंथरुणावर. पोटाला नळी आहे, तिच्यातनं नाचणीची पेज आणि डाळीचं पाणी देते. बोलत नाही. मी आहे हे तिला कळतं का, मला माहीत नाही. एक दिवस वाटतं कळतं, चार दिवस वाटतं नाही.

इथे सगळे चांगल्या मनानं लिहितायत. पण "नुसतं जगणं" असा शब्द येतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. आज व्हेंटिलेटर म्हणताय. उद्या कुणी म्हणेल नळी पण उपचारच. पाहुणे आत्ताच म्हणतात, "देवानं सोडवायला पाहिजे हिला." हिला सोडवायला पाहिजे की मला, हे एकदा विचारलं मी. चहा न घेता गेले.

विजापूरवेस ताई, तुम्हाला अडवत नाही मी. तुमच्या मामांचं वेगळं असेल. फक्त "बाबांना आवडलं नसतं" हे ज्यानं म्हटलं त्याला विचारा, बाबांना की तुला बघवत नाही? दोन्ही खरं असू शकतं. पण त्याला कुठलं ते माहिती पाहिजे.

—

बाळीवेस
गुरुवार, दुपारी ४:१५

चुकलं. ती गोष्ट अशी वापरायला नको होती. माफ करा ताई.

—

कोर्टाची_पायरी
गुरुवार, रात्री ८:००

पूर्णवेळ आईंनी सगळ्यात अवघड जागेवर बोट ठेवलंय. नळीनं भरवणं हे उपचार की जेवण? इंग्लंडमध्ये १९९३ ला टोनी ब्लँड या तरुणाच्या खटल्यात तो उपचार मानला. अमेरिकेत मेंदूचं नुकसान झालेल्या टेरी शायवोची नळी काढा म्हणणारा नवरा आणि नको म्हणणारे आईवडील वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. १८ मार्च २००५ ला नळी काढली, ३१ मार्चला ती गेली. आपल्याकडे गाझियाबादचा एक तरुण २०१३ मध्ये चौथ्या मजल्यावरून पडला, तेव्हापासून अंथरुणावर. तो कुठल्या मशीनवर नाही या कारणानं दिल्ली हायकोर्टानं २०२४ मध्ये आईवडिलांची मागणी नाकारली. मग ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्यांनी अकरा वर्षं सांभाळलं तेच मागायला आले होते, हेही लक्षात ठेवावं.

ताई, माझ्या मते तुमची मुलगी आणि यांचे मामा यांना एका दोरीत बांधायचं कारण नाही. सांभाळणारा माणूस नको म्हणत असेल तर कुठलं मंडळ तुमच्या दारात येणार नाही.

—

भूल_देणारा
गुरुवार, रात्री ११:३०

भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूही बघतो. एवढंच सांगायचं की मशीन काढणं म्हणजे प्लग ओढणं नव्हे. आधी औषध देऊन धाप आणि घरघर कमी करतो, मग हळूहळू मशीनचा आधार उतरवतो. घरचे शेजारी बसतात. अलार्म आम्ही बंद करतो, तो आवाज शेवटचा ऐकू येऊ नये. मोहोळच्या दादांकडे यातलं काही नव्हतं, म्हणून ते तसं झालं.

आणि एक सांगून ठेवतो, काढल्यावर लगेच जातील असं धरू नका. अमेरिकेत कॅरेन क्विनलन या कोमातल्या तरुणीचं व्हेंटिलेटर १९७६ मध्ये कोर्टात जाऊन काढलं, आणि ती स्वतःचा श्वास घेत १९८५ पर्यंत राहिली. मामांचं असं झालं तर काय, हे आधी बोलून ठेवा. बाकी आमच्या लोकांबद्दल: भीती असते हो. मंडळाचा कागद भरण्यापेक्षा घरी पाठवणं सोपं पडतं. मीही पाठवलेत. किती ते मोजले नाहीत.

—

मोहोळचा_पोरगा
शुक्रवार, सकाळी ६:१०

डॉक्टरसाहेब, लिहिलंत ते बरं केलं.

—

विजापूरवेस
रविवार, रात्री १०:२०

सगळ्यांचं वाचलं. मोहोळच्या दादांचं मी दोन्ही भावांना वाचून दाखवलं, एकाच बाकावर बसवून. धाकटा उठून बाहेर गेला. तासाभरानं चहाचे तीन कप घेऊन आला, थोरल्यापुढे एक ठेवला. बोलला नाही. नंतर मला म्हणाला, "मंडळ बसवा. मी आडवा येत नाही. पण माझ्या तोंडून वदवून घेऊ नका." अर्जावर सही थोरल्यानं केली. पूर्णवेळ आईंचा प्रश्न त्याला विचारला होता. म्हणाला, "मला बघवत नाही हे पण आहे." सही करताना हात थरथरत होता, तारीख चुकली, खोडून परत लिहिली.

अर्ज दिला तेव्हा काउंटरवरच्या माणसानं विचारलं, हे कशात टाकू? असा अर्ज पहिल्यांदाच आलाय म्हणे. पण डॉक्टर बदलले. खरंच, दुसऱ्या दिवसापासून नीट बसवून बोलायला लागले. पहिलं मंडळ शुक्रवारी झालं, तिघांचं मत एक. दुसऱ्यासाठी सरकारी डॉक्टरांचं नाव यायचंय. ते कुणी द्यायचं यावरच दोन दिवस फोन चाललेत.

मामीला सिस्टरांच्या सांगण्याप्रमाणे आत नेलं, कूस बदलताना. ती पाठीवरून हात फिरवत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, मामा कधी असल्या गोष्टीबद्दल काही बोलले होते का? कुणाचं आजारपण बघून, टीव्हीवर काही बघून? तिनं पुष्कळ वेळ आठवून बघितलं. "नाही गं. आम्ही असलं कधी बोललोच नाही. आम्ही पाण्याचं बोलायचो. आज येणार का, उद्या येणार, मोटार कोण लावणार."

आजीला अजून काही सांगितलेलं नाही. रोज विचारते, हालला का? आम्ही म्हणतो, डोळे उघडले होते. खोटं नाही ते.

उद्या पहाटे पाण्याचा दिवस आहे. मामी दवाखान्यातून हलायला तयार नाही, पोरं तिच्याजवळ थांबतायत. मोटार लावायला मी जातेय.

—

शेंगाचटणी
रविवार, रात्री १०:२६

किती वाजता येतं तुमच्याकडं? मी लावतो, तुम्ही झोपा.